परत बोलावण्याचा अधिकार कोणाचा?

काही महिन्यांपूर्वी एका बैठकीच्या निमित्ताने माजरीला जाण्याचा योग आला. परतताना वरोऱ्यापर्यंत भाड्याच्या गाडीने जायचे ठरले. सातजणांच्या गाडीत आम्ही नऊजण होतो. त्यांत पाळी संपवून घरी निघालेले दोन कंत्राटी कामगार, दवाखान्यात निघालेली एक गरोदर बाई आणि तिची सासू, उरलेले आमच्यासारखे किरकोळ प्रवासी. कोळशाच्या ट्रकांनी उखडून टाकलेल्या रस्त्यावर गाडी आली, तसा पुढच्या डाव्या चाकापाशी खट्खट् आवाज सुरू झाला. खड्ड्यात तो वाढे, सपाटीवर थोडा दबे, पण थांबत मात्र नसे. चालकाला विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, रस्ताच असा हाय तं गाडी वाजनच ना!"

वरोऱ्याला पोहोचल्यावर मात्र तो गाडी घेऊन सरळ ओळखीच्या मिस्त्रीकडे गेला. कुतूहलापोटी मीही गेलो. मिस्त्रीने जॅक लावून चाक उचलले, दोन्ही हातांनी वरखाली हलवून पाहिले आणि लगेच निदान सांगितले. चाकाला खालून धरून ठेवणारा लोअर आर्म, त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट सैल झाला होता. आणखी काही दिवस गाडी तशीच चालली असती तर चाक एखाद्या वळणावर आतल्या आत दुमडले असते. मग तो सहज म्हणाला की याच जातीच्या गाडीत हाच भाग सैल झालेली ही त्याच्याकडची वर्षातली चौथी गाडी. "मग हे कंपनीला कोणी कळवले का?" असे मी विचारले. तो हसला. "कंपनी नव्या गाडीच्या मालकाले वळखते भाऊ. जुन्या गाडीले कोन इचारते?"

त्या मिस्त्रीचे हे वाक्य हाच या लेखाचा विषय आहे.

'परत बोलावणे' हा शब्द आपल्या चळवळीत नवा नाही. १९७४ च्या बिहार आंदोलनात जयप्रकाशजींनी निवडून दिलेला प्रतिनिधी परत बोलावण्याचा अधिकार जनतेला हवा अशी मागणी केली, आणि तेव्हापासून हा शब्द उच्चारला की आपल्यापुढे तीच मागणी उभी राहते. आज वर्तमानपत्रांत मात्र हा शब्द निराळ्या संदर्भात येतो. अमुक कंपनीने अमुक इतक्या मोटारी परत बोलावल्या, दोष आढळल्यास भाग विनामूल्य बदलून मिळेल, अशी चार ओळींची बातमी अर्थविषयक पानाच्या कोपऱ्यात छापून येते. दोन्हीकडे शब्द एकच, पण कर्ता निराळा. तिथे जनता बोलावणार होती आणि सत्ताधाऱ्याने यायचे होते. इथे कारखानदार बोलावतो आणि जनतेने जायचे असते. तेही निरोप तिच्यापर्यंत पोहोचला तर.

मोटारीचा प्रश्न हा मोटारवाल्यांचा प्रश्न, त्याच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे आपल्यातील काही साथींना वाटण्याचा संभव आहे. त्यांनी माजरीच्या रस्त्यावर तासभर उभे राहून गाडीत कोण बसते ते पाहावे. एस.टी. वेळेवर येत नाही किंवा येतच नाही, म्हणून शेतमजूर, कामगार, शाळेची मुले, आजारी माणसे भाड्याच्या गाड्यांत कोंबून प्रवास करतात. मोटारीची मालकी थोड्यांकडे असेल, तिचा धोका मात्र सर्वांमध्ये वाटला गेला आहे. पायी चालणारा आणि सायकलवाला यांचाही त्यात वाटा आहे, कारण सैल झालेले चाक रस्त्यावरच्या माणसाची ऐपत पाहून निखळत नाही.

गाडीच्या पुढच्या भागातील सस्पेन्शनचे काम दुहेरी असते. रस्त्याचे धक्के ते गिळते, आणि त्याच वेळी चाकाला त्याच्या जागी, त्याच्या कोनात धरून ठेवते. मागच्या चाकाचे काम प्रामुख्याने भार वाहणे, पण पुढचे चाक दिशाही देते. म्हणून पुढचा एखादा नट ढिला राहिला, लोअर आर्मचा वेल्ड कच्चा राहिला, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड निसटला, तर चालकाच्या हातातील सुकाणू आणि जमिनीवरील चाक यांचा संबंध तुटतो. ब्रेक कमजोर झाला तर पायाला कळते, इंजिन बिघडले तर गाडी थांबते. हा दोष मात्र खट्खट् आवाजापलीकडे फारशी सूचना देत नाही. आणि ज्या रस्त्यावर प्रत्येकच गाडी वाजते तिथे ती सूचनाही कोणाला ऐकू येत नाही.

असे दोष काल्पनिक नाहीत, ते कंपन्यांनीच जाहीर केलेले आहेत. २०१८ साली होंडाने ७ फेब्रुवारी ते १६ मार्च या काळात बनलेल्या ॲक्टिव्हा १२५, ग्राझिया आणि एव्हिएटर या ५६,१९४ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. पुढच्या फोर्कमधील बोल्ट ठरलेल्या प्रमाणापेक्षा अधिक कठीण निघाले होते. धातू प्रमाणाबाहेर कठीण झाला की तो ठिसूळही होतो. त्याच वर्षी फोर्डने चेन्नईत बनलेल्या ४,३७९ इकोस्पोर्ट गाड्यांचा पुढचा लोअर कंट्रोल आर्म तपासायला घेतला. २४ जुलै २०२३ रोजी मारुती सुझुकीने ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या ८७,५९९ एस-प्रेसो आणि ईको गाड्या परत बोलावल्या. सुकाणूच्या टाय रॉडचा एक भाग क्वचित प्रसंगी तुटून गाडीच्या नियंत्रणावर परिणाम होऊ शकेल, असे कंपनीने सांगितले.

यांपैकी ईको ही गाडी आपल्या भागाच्या चांगल्या परिचयाची आहे. शाळेची मुले तीच नेते, भाड्याने तीच धावते, रुग्णवाहिका म्हणूनही अनेक ठिकाणी तीच उभी असते. शहरातल्या मालकाने कंपनीचा निरोप मिळताच रविवारी गाडी वर्कशॉपमध्ये नेली असेल आणि चहा घेईपर्यंत भाग बदलून मिळाला असेल. पण तीच गाडी नागपुरात एकाने घेतली, दोन वर्षांनी वणीच्या दुसऱ्याला विकली आणि आज ती भद्रावती तालुक्यात तिसराच कोणी चालवीत असेल, तर निरोप कोणाच्या दारी गेला? आणि तिच्यात रोज बसणाऱ्या मुलांच्या आईबापांना तो कोणी सांगितला?

दोष जाहीर करणाऱ्या कंपनीला झोडपणे हा येथे हेतू नाही. दोष लपवणाऱ्यापेक्षा तो जाहीर करणारा केव्हाही बरा. आक्षेप आहे तो या जाहीरपणाच्या स्वरूपाला. तिची भाषा मेहेरबानीची असते. 'ग्राहकांच्या हितार्थ', 'विनामूल्य', 'खबरदारी म्हणून' असे शब्द वाचून एखाद्या दानशूराने अन्नछत्र उघडले आहे असा भास व्हावा. वस्तुतः विकलेल्या मालातील दोष दुरुस्त करणे हे ऋण आहे. आणि ऋणको स्वतःच्या सोयीने, स्वतःच्या यादीतल्या माणसांनाच कळवून ते फेडत असेल, तर ती फेड अपुरी आहे.

ही जबाबदारी कारखानदारांनी कुठेही आपण होऊन पत्करलेली नाही. अमेरिकेत १९६५ साली राल्फ नेडर या तरुण वकिलाने 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक लिहिले, आणि त्याच्या पहिल्याच प्रकरणात जनरल मोटर्सच्या कॉर्व्हेअर गाडीच्या मागच्या सस्पेन्शनची चिकित्सा केली. जगातल्या त्या बलाढ्य कंपनीने उत्तरादाखल नेडरच्या मागे खाजगी हेर लावले. मार्च १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीसमोर त्याबद्दल क्षमा मागावी लागली आणि त्याच वर्षी वाहनसुरक्षेचा कायदा झाला. पुढे १९७२ साली सरकारी तपासणीत कॉर्व्हेअर ही तिच्या काळच्या इतर गाड्यांहून विशेष वाईट नव्हती असा निष्कर्ष निघाला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु तोवर मुख्य गोष्ट घडून गेली होती. गाडी सुरक्षित आहे की नाही याचा निवाडा यापुढे एकटी कंपनी करणार नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले होते.

आपल्याकडे हे तत्त्व कायद्यात यायला त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लागला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूदच नव्हती. २०१० साली मारुतीने इंधनपंपाच्या गळतीपायी सुमारे एक लाख ए-स्टार गाड्या परत बोलावल्या, त्या कायद्याने भाग पाडले म्हणून नव्हे. जुलै २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या संघटनेने एक ऐच्छिक संहिता केली. म्हणजे ज्याच्यावर बंधन घालायचे त्यानेच बंधनाचा मसुदा लिहिला. अखेर २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ११०-अ आले आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले.

या कलमात चांगले पुष्कळ आहे आणि ते आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. गाडीतल्या दोषामुळे चालकाला, आत बसलेल्यांना, रस्त्यावरील इतरांना किंवा पर्यावरणाला धोका संभवत असेल, तर केंद्र सरकार त्या जातीच्या सर्व गाड्या परत बोलावण्याचा हुकूम उत्पादकाला देऊ शकते. उत्पादकाने मग पूर्ण किंमत परत द्यावी, किंवा तशीच अथवा तिच्याहून चांगली दुसरी गाडी द्यावी, किंवा दुरुस्ती करून द्यावी, आणि दंडही भरावा. नियमांनुसार हा दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत आहे. उत्पादकाने स्वतःहून दोष कळवून गाड्या परत बोलावल्या तर त्याला दंड नाही.

पण हा कायदा दिल्लीहून माजरीपर्यंत येता येता त्याची धार बोथट होते. सरकारने हालचाल करावी यासाठी नियमांनी वार्षिक विक्रीच्या प्रमाणात तक्रारींची संख्या ठरवून दिली आहे, आणि त्या तक्रारी मोजायच्या त्या मालकांच्या. गाडीत दाटीवाटीने बसलेल्या नऊजणांपैकी एकाचीही तक्रार त्या हिशेबात धरली जात नाही. खाजगी नंबराची गाडी चोरून भाड्याने चालवणारा मालक तर तक्रारीच्या वाटेला जाणारच नाही, कारण तक्रार केली तर तोच प्रथम अडकेल. शिवाय हा नियम सात वर्षांच्या आतील गाड्यांपुरताच आहे. शहरात गाडी म्हातारी होते तेव्हा ती आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत कामाला लागते. म्हणजे कायद्याचे संरक्षण संपते तिथे आमच्या प्रवाशाचा प्रवास सुरू होतो. आणि ज्या उद्योगाची उलाढाल हजारो कोटींत मोजली जाते, त्याला एक कोटीचा दंड म्हणजे शिक्षा नसून खर्चाची एक बाब आहे.

यावर कारखानदारांचे एक ठरलेले उत्तर असते. दोष गाडीचा नाही, रस्त्याचा आहे. माजरीच्या रस्त्यावर उभे राहिले तर त्यात तथ्य आहे हे कोणालाही मान्य करावे लागेल. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स स्थापन झाली, आणि देशाची वीज या भागातल्या कोळशावर पेटत राहिली. ज्या रस्त्यांवरून तो कोळसा गेला त्यांची दैना मात्र गावकऱ्यांच्या वाट्याला आली. गडचिरोलीत सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी तीच कहाणी पुढे चालवली आहे. पण रस्ता वाईट आहे हे गाडी विकतानाही ठाऊक होते. जाहिरातीत गाडीला दगडधोंड्यांतून नदीनाल्यांतून धावायला लावायचे आणि भाग सैल झाला की रस्त्याकडे बोट दाखवायचे, हा दुटप्पीपणा आहे.

खरी अडचण पुढे आहे. खड्ड्यांनी झिजलेला भाग आणि मुळातच कच्चा निघालेला भाग यांत फरक असतो, आणि तो एका गाडीवरून कळत नाही. एकाच जातीच्या, एकाच काळात बनलेल्या वीस-पंचवीस गाड्यांत तोच भाग, तितक्याच किलोमीटरनंतर सैल होत असेल, आणि त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या गाड्यांत होत नसेल, तर संशय रस्त्याकडून कारखान्याकडे वळतो. ही तुलना करता येईल असे ज्ञान आज कोणाकडे आहे? ते दिल्लीच्या मंत्रालयात नाही. ते आहे वरोऱ्याच्या, भद्रावतीच्या, आलापल्लीच्या मिस्त्रीकडे. चौथी गाडी जॅकवर चढली की त्याला ते कळते. परंतु तो अधिकृत वर्कशॉपचा माणूस नसल्यामुळे त्याच्या ज्ञानाची नोंद कुठेच होत नाही. जुना भाग भंगारात जातो, नवा बसतो, चारशे-पाचशे रुपये मजुरी हातावर पडते आणि पुरावा तिथेच संपतो.

माजरीच्या कामगाराला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही, कारण तो तिचे उत्तर जमिनीखाली पाहून आला आहे. खाणीत छत सुरक्षित आहे की नाही हे एकट्या व्यवस्थापनावर सोडून चालत नाही, हे अनेक बळी गेल्यानंतर सर्वांना पटले. १९५२ च्या खाण कायद्याखालील नियमांत म्हणूनच पुढे कामगार निरीक्षकाची आणि सुरक्षा समितीची तरतूद झाली. ज्याच्या डोक्यावर छत आहे त्याच्या माणसालाही ते तपासण्याचा आणि आपले म्हणणे लेखी नोंदवण्याचा अधिकार मिळाला. ही व्यवस्था सर्वत्र चोख चालली असे कोणी म्हणणार नाही, पण तत्त्व योग्य होते. मग तोच कामगार खाणीतून वर येऊन ठेकेदाराच्या भाड्याच्या गाडीत बसला, की त्याचा हा अधिकार कुठे जातो?

अंतराचाही विचार केला पाहिजे. सिरोंच्याच्या चालकाला चंद्रपूरला यायचे तर सुमारे दोनशे किलोमीटर एका बाजूने कापावे लागतात. भाग विनामूल्य, पण डिझेल त्याचे, दिवसाचे भाडे बुडाले ते त्याचे, वर्कशॉपमध्ये आज नंबर लागला नाही तर रात्रीचा मुक्कामही त्याचाच. दोष कंपनीचा आणि खर्च चालकाचा, याला विनामूल्य म्हणणे ही थट्टा आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, गाडी परत बोलावण्याची नोंद मालकाच्या नावाला न चिकटवता गाडीला चिकटवावी. देशभरच्या वाहनांच्या चासी क्रमांकांची नोंद सरकारी संगणकात आहेच. व्यवसायी गाडी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी तंदुरुस्तीच्या दाखल्यासाठी परिवहन कार्यालयात येते, तेव्हा तिच्यावर अशी बाकी आहे का हे पाहिल्याविना दाखला देऊ नये. खाजगी गाडीची मालकी बदलताना हीच अट घालावी. दुसरी, अशा गाड्यांची यादी मराठीत, उत्पादनाच्या महिन्यांसह, परिवहन कार्यालयात, बसस्थानकावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. तिसरी, उत्पादकाने तालुक्याच्या गावी फिरते दुरुस्ती पथक पाठवावे, आणि ते शक्य नसेल तिथे येण्याजाण्याचा खर्च व बुडालेला रोज भरून द्यावा. चौथी, सात वर्षांची मर्यादा काढून टाकावी, कारण मूळचा दोष वयाने निर्दोष होत नाही. पाचवी, कामगारांना आणण्यानेण्यासाठी गाड्या लावणाऱ्या ठेकेदाराने त्यांवर अशी कोणतीही बाकी नाही असा लेखी दाखला द्यावा, आणि तो कामगार संघटनेला पाहता यावा.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे मात्र कारण नाही. कलम ११०-अ मध्ये दोषाची माहिती सरकारला कोणाकडून मिळू शकते ते सांगताना मालक आणि तपासणी संस्था यांच्यानंतर एक तिसरा मार्ग दिला आहे, 'अन्य कोणताही स्रोत'. हे तीन शब्द कोणाच्या मनात काय ठेवून लिहिले गेले ते महत्त्वाचे नाही. ते कायद्यात आहेत आणि ते आपले आहेत. कामगार संघटना हा स्रोत होऊ शकते, चालकांची संघटना होऊ शकते, ग्रामसभाही होऊ शकते.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील चार मिस्त्रींकडे एकेक साधी वही द्यावी. गाडीची जात, बनल्याचा महिना, चासी क्रमांक, किती किलोमीटर चालली, कोणता भाग सैल अथवा तुटलेला निघाला आणि तारीख, एवढेच रकाने पुरेत. जमल्यास जुना भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवावा. महिनाअखेर चारही वह्या शेजारी ठेवून वाचाव्यात. एकाच जातीची गाडी, एकच भाग, एकच काळ अशी जुळणी दिसली की नोंदींच्या प्रती परिवहन मंत्रालयाला आणि उत्पादकाला टपालाने पाठवाव्यात आणि पोचपावती जपून ठेवावी. नोंद खरी असावी, ऐकीव नसावी, आणि कोणत्याही कंपनीविषयी आकस धरून केलेली नसावी. चुकीची एक नोंद बाकीच्या शंभर खऱ्या नोंदींना मारते. हे काम मोर्च्याइतके दिसत नाही आणि त्याला घोषणाही लागत नाहीत. पण एक चाक वेळेवर तपासले गेले तर नऊजणांचा जीव वाचतो.

प्रतिनिधी परत बोलावण्याचा अधिकार जयप्रकाशजींनी मागितला तो निवड करणाऱ्याला जाब विचारता आला पाहिजे म्हणून. ज्या वस्तूवर आपण रोज जीव सोपवतो तिच्या कर्त्याला जाब विचारण्याचा अधिकारही त्याच कुळातला आहे. वरोऱ्याच्या त्या मिस्त्रीकडे पुन्हा जाईन तेव्हा बरोबर एक वही नेणार आहे. पहिल्या पानावरच्या चार नोंदी त्याला तोंडपाठ आहेतच.